आईच्या शस्त्रक्रियेच्या काळात भावाला कोण सांभाळणार? रत्नागिरी-सिंधुदुर्गात अल्पकालीन देखभालीची सोय कशी उभी राहील?

प्रश्न : खाडीकाठ (राजापूर तालुका)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असून जोडीला बौद्धिक अक्षमताही आहे. त्याला स्वतःहून उठून बसता येत नाही, बोलणे मोजक्या शब्दांचे आहे आणि अधूनमधून फिट येते. वडील गेल्यापासून गावच्या घरात तो आणि 63 वर्षांची आई असे दोघेच असतात. मी नोकरीमुळे डोंबिवलीला राहते. आईचे गर्भाशय काढावे लागेल असे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितले आहे, परंतु त्यानंतर सहा आठवडे वजन उचलायचे नाही हे ऐकल्यापासून ती प्रत्येक तारीख पुढे ढकलत आली आहे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांनी घर भरते, तेव्हा त्याला उचलायला चार हात असतात. बाकीचे दहा-अकरा महिने आई एकटीच असते.

एका निवासी संस्थेत चौकशी केली, तर कायमचा प्रवेश हवा असल्यास नाव प्रतीक्षायादीत घालू, सहा आठवड्यांसाठी कोणाला घेत नाही, असे उत्तर मिळाले. आम्हाला त्याला कायमचे कुठे ठेवायचेच नाही. रिस्पाइट केअर म्हणतात तशी थोड्या दिवसांची सोय आपल्याकडे आहे का, आणि नसेल तर ती मागायची कोणाकडे?

उत्तर 1 : विशेष शिक्षिका, कुडाळ

ताई, कागदावर अशी सोय आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था) कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांचा समावेश आहे, आणि त्या न्यासाची 'समर्थ' ही योजना अल्पकालीन निवासी देखभालीसाठीच आखलेली होती; प्रौढांच्या कायम निवासासाठीची 'घरौंदा' ही पूर्वी त्याहून वेगळी होती, आता दोन्ही एकत्र केल्या आहेत. अडचण अशी की योजना चालवायला न्यासाकडे नोंदणी झालेली संस्था पुढे यावी लागते, आणि तशा संस्था मोठ्या शहरांभोवतीच अधिक. तुमच्या भागातील नोंदणीकृत संस्थांची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक स्तर समितीकडे करावी. याच समितीकडे 18 वर्षांवरील व्यक्तीच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. आईनंतर भावाच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे याचा विचार झाला नसेल, तर तेही काम याच फेरीत सुरू करावे. न्यासाचा 'निरामय' विमा 1 लाख रुपयांपर्यंतचा आहे, पण तो उपचारांसाठी. सांभाळणाऱ्याचा पगार त्यातून निघत नाही.

कोणी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव सुचवले, तर कृपया ऐकू नका. ते मानसिक आजारांवरील उपचारांचे ठिकाण आहे, आणि तुमच्या भावाला मानसिक आजार नाही. हा गोंधळ शिकलेली माणसेही करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

उत्तर 2 : एक पालक, गुहागर

बाईंनी दिलेली माहिती योग्य आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. आमचा मुलगा 24 वर्षांचा. चार वर्षांपूर्वी माझ्या बायपासच्या वेळी आम्ही त्याला घाटावरील एका संस्थेत दहा दिवस ठेवले. तिथली माणसे वाईट नव्हती, परंतु त्याला पेज कोमट लागते, बसवून छोट्या चमच्याने भरवली नाही तर ठसका लागतो, आणि रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आम्हीही लिहून दिले नव्हते. तो परत आला तेव्हा त्याच्या माकडहाडापाशी जखम होती. ती भरायला दोन महिने लागले.

त्यानंतर आम्ही वाडीतीलच एका बाईंना तयार केले. पहिला महिनाभर त्या रोज दोन तास नुसत्या पत्नीच्या सोबत बसत. मग पत्नी बाजारात जाऊन येऊ लागली, मग एक दिवस चिपळूणला, आणि पुढे एका लग्नासाठी आम्ही दोन रात्री बाहेर राहिलो. उचलायचे कसे ते फिजिओथेरपिस्टने त्यांना प्रत्यक्ष दाखवले, कारण चुकीच्या पद्धतीने उचलणाऱ्याची कंबर आधी जाते. भिंतीवर एक कागद लावला आहे : फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवावी. सत्तर किलोमीटरवरच्या इमारतीपेक्षा हाकेच्या अंतरावरचे ओळखीचे माणूस मला अधिक भरवशाचे वाटते, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा वीज, रस्ता आणि फोन ही तिन्ही एकदमच जातात.

उत्तर 3 : माजी ग्रामपंचायत सदस्य, वेंगुर्ले

काका, त्या बाईंना पैसे तुम्ही स्वतःच्या खिशातून देता, आणि ते प्रत्येकाला परवडत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो प्रत्यक्ष हातात पडावा यासाठी पालकांनी एकत्रितपणे मागणी लावून धरली पाहिजे. दुसरा मार्ग गावातला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. आमच्याकडे ती मार्च उजाडला की घाईघाईने वस्तूरूपात वाटली जात असे; एका आजोबांना दोन वर्षांत दोन कुबड्यांचे जोड मिळाले, ते चालू शकत होते तरी. लहान ग्रामपंचायतीची ही रक्कम अगदीच तुटपुंजी असते हे खरे, म्हणून शेजारच्या पाच-सहा गावांनी मिळून एका प्रशिक्षित व्यक्तीच्या मानधनाचा ठराव ग्रामसभेत मांडावा आणि जिल्हा परिषदेच्या 5 टक्के निधीतूनही भर मागावी. हे काम आशाताईंच्या गळ्यात मात्र घालू नये. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ कामे आहेत.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. ग्रामसभेच्या ठरावाला वेळ लागेल, म्हणून शस्त्रक्रियेसाठी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. शेजारच्या वहिनी सोमवारपासून रोज दोन तास येण्यास तयार आहेत. आईने काल रात्री भावाची दिनचर्या मला फोनवर सांगितली. वहीची अकरा पाने भरली, आणि तरी ती अजून दुपारच्या जेवणापर्यंतच पोचली आहे. गुहागरच्या काकांना एक विचारायचे आहे : रात्री कूस बदलण्यासाठी वहिनींनी मुक्कामाला राहावे लागेल, तर त्याचे वेगळे पैसे तुम्ही कसे ठरवलेत?