डायव्ह वॉचमध्ये पाणी शिरतंय, नागपुरात कमी खर्चात सील कसं करून घ्यावं?

धरमपेठकर
जपानी ऑटोमॅटिक डायव्ह वॉच, २०० मीटर, स्क्रूची चावी (बाजूची, पिळून बंद होणारी). पोहून आलं की काचेच्या आत बाष्प दिसतं, तासाभरात जातं. घड्याळ चालू आहे. सर्व्हिस सेंटर पूर्ण सर्व्हिसिंगच करतं म्हणे, आणि तो खर्च घड्याळाच्या निम्म्या किमतीवर जातो. बर्डी किंवा इतवारीतल्या कारागिराकडून नुसतं सीलिंग करून घेतलं तर चालेल का?

केसबॅक
चालेल, पण उशीर नको. बाष्प दिसेनासं झालं तरी पाणी आतच असतं. काच गार झाली की पुन्हा दिसेल. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, बंद केसमधली वाफ तांदळापर्यंत पोहोचतच नाही. झाकण उघडून वाळवावं लागतं. समुद्राचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी उघडा. गंज आधी चावीच्या दांडीवर आणि सेटिंगच्या लिव्हरवर दिसतो. तिथे दिसला तर मशीन खोलून साफ करणं भाग आहे. त्यावर नुसतं सीलिंग केलं तर गंज आतच वाढतो.

गंज नसेल तर तीन जागा बघायला सांगा: मागच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल कडं), काचेचं गॅस्केट (काचेभोवतीचं सील) आणि चावीतली रिंग. चावीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. बरेच जण झाकणाची रिंग बदलून घड्याळ परत देतात. काही घड्याळांत चावीतली रिंग सुटी बदलता येत नाही, पूर्ण चावीच घ्यावी लागते. चावी फिरवताना आटे घसरत असतील तर ट्यूबही (चावी जिच्यावर पिळली जाते ती नळी) झिजली आहे, मग नवी रिंगही टिकणार नाही.

ओ-रिंगचं माप जुन्या रिंगवरून घेऊ देऊ नका, ती दबून चपटी झालेली असते. रिंग ज्या खाचेत बसते तिचं माप घ्यायला सांगा. खाच ०.७ मिमी खोल असेल तर रिंग साधारण ०.९ मिमी जाड हवी. जास्त जाड घेतली तर झाकण पिळताना ती खाचेबाहेर येऊन कापली जाते.

धरमपेठकर
धन्यवाद भाऊ. रिंगला व्हॅसलीन लावलं तर?

कूलरवाला
नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हॅसलीन पातळ होऊन पसरतं. सिलिकॉन ग्रीसच हवं, तेही रिंग जेमतेम चमकेल इतकंच. जास्त झालं तर त्याला धूळ आणि केस चिकटतात, आणि रिंगखाली एक केस अडकला तरी पाणी शिरायला वाट मिळते. खाच आधी लाकडी काडीने स्वच्छ करून घ्या.

आणखी एक, नागपूरकरांनी नक्की लक्षात ठेवावं असं: डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत झाकण बंद करू देऊ नका. ती दमट हवा आत कोंडली की सील पक्कं असूनही एसीत शिरताच काचेवर बाष्प येतं. मे महिन्यात कूलर बंद करून, पावसाळ्यात एसीच्या खोलीत बंद करावं.

दुकान निवडताना पहिला प्रश्न प्रेशर टेस्टरचा विचारा. गॅस्केट स्वस्त असतं, पैसे टेस्टसाठी द्या. पाण्याच्या टेस्टरमध्ये घड्याळ आधी पाण्याच्या वर हवेत धरून दाब देतात, काही मिनिटांनी पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करतात. एकाच जागेवरून बुडबुड्यांची धार लागली तर गळती तिथे. धार दिसताच घड्याळ वर ओढायचं, नाहीतर दाब उतरल्यावर पाणी आत जातं. बेझेलखालून (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याखालून) सुरुवातीला सुटे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते.

घरी पडताळायचं तर घड्याळ ४०–४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा. पुसल्यावर आत बाष्प दिसलं तर ओल शिल्लक आहे.

लिव्हर_२१
सैकोचं ७एस२६ मशीन असेल आणि गंज लागला असेल, तर जुनं साफ करण्यापेक्षा सैकोचंच नवं एनएच३६ मशीन बसवणं बहुधा परवडतं. चावी तीनऐवजी चारच्या आकड्याजवळ असेल तर ३.८ स्थितीचं (तशा चावीसाठीचं) मशीन मागा किंवा वार-तारखेच्या जुन्या चकत्या त्यावर चढवून घ्या, नाहीतर खिडकीत आकडे तिरके दिसतील. सील मात्र नव्या मशीनसोबतही तिन्ही जागी बदला.