५८ मुली, टीम किती कराव्यात? (रेक सॉफ्टबॉल, दहा वर्षांखालचा गट)

डगआऊटचा_हमाल

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपमध्ये मुलींची रेक (रिक्रिएशनल, म्हणजे हौशी) सॉफ्टबॉल लीग आहे. तिच्या बोर्डावर मी आहे, म्हणजे बॅगा वाहतो, पाऊस पडून गेला की मैदानावर माती पसरतो आणि पालकांच्या ईमेलांना उत्तरं देतो. यंदा दहा वर्षांखालच्या गटात ५८ मुलींनी नाव नोंदवलंय. टीम किती करायच्या हे गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठरेल. प्रस्ताव तीन: चार टीम (१४-१५ मुली), पाच टीम (११-१२) किंवा सहा टीम (९-१०).

माझं मत पाचाला. सगळे जण ५८ ला भागत बसलेत. भागायचं ते मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी नऊला प्रत्यक्ष उगवणाऱ्या पोरींना. त्या महिन्यात कुणाची फर्स्ट कम्युनियन (चर्चमधला विधी), कुणाचं नाचाचं रिसायटल, कुणाची सॉकर टूर्नामेंट. आपल्याकडच्या मुली भरतनाट्यम आणि मराठी शाळेत अडकलेल्या. बारांतल्या दहा आल्या तरी मॅच होते. नवांतल्या एकीला ताप आला की उरल्या आठ, आणि आमच्या नियमाप्रमाणे बॅटिंगचा रिकामा नंबर आला की आपोआप आऊट. आठ वर्षांच्या पोरीला हा आऊट समजावून सांगून बघा.

चार टीम केल्या तर उलटी पंचाईत. कागदावर सहा इनिंग असतात (तीन आऊट झाले की बाजू बदलते), पण दीड तास उलटला की नवी इनिंग सुरू करायची नाही, त्यामुळे या वयात जेमतेम चार होतात. चार इनिंग, नऊ जागा, म्हणजे फिल्डिंगच्या ३६ संधी. बारा मुली असल्या तर प्रत्येकीला तीन इनिंग. पंधरा असल्या तर अडीचसुद्धा नाही.

तुमच्याकडे कसं करतात? मतं येऊ द्या, पण कारणांसकट.

पिचरचा_बाप

चार. आणि मी ५८ ला भागतच नाहीये, मी पिचर मोजतोय.

या गटात ३५ फुटांवरून ११ इंची चेंडू टाकायचा असतो, तोही खालून, हात पूर्ण फिरवून. हे तंत्र अंगात बसायला एक हिवाळा जातो. तुमच्या ५८ पैकी सलग तीन स्ट्राइक (बॅटच्या टप्प्यात येणारे चेंडू) टाकू शकणाऱ्या किती? सात? आठ? आठ धरल्या तर चार टीममध्ये दोन-दोन मिळतात. सहा टीम करा आणि मग बघा. एकीकडे दोन चांगल्या पिचर, दुसरीकडे एकच, आणि ती त्या दिवशी आजीकडे गेलेली. तिच्या जागी जी उभी राहते तिचे चार बॉल (टप्प्याबाहेरचे चेंडू; चार झाले की समोरचीला फुकट पहिला बेस, म्हणजे वॉक), मग चार बॉल, मग पुन्हा चार बॉल. बेस भरतात, इनिंगची पाच रनांची मर्यादा गाठली जाते, बाजू बदलते. कुणी बॅट फिरवली नाही, कुणी चेंडू अडवला नाही. आऊटफिल्डमधल्या पोरी गवतात बसून डँडेलियनच्या माळा करतात. याला तुम्ही फिल्डिंगची संधी म्हणणार असाल तर तुमचा ३६ चा हिशेब तुम्हालाच लखलाभ.

कॅचरचीही तीच गत. शिन गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर, मास्क चढवून उकिडवं बसायला तयार होणाऱ्या मुली पिचरपेक्षाही कमी.

बाकावरची_आई

सहा. आणि मला कुणाचा हिशेब नको, मी तो बाक पाहिलाय.

गेल्या वर्षी मुलीच्या टीममध्ये चौदा जणी होत्या. एप्रिलचा दुसरा आठवडा, ४५ डिग्री फॅरनहाइट, वारा. एका वेळी पाच जणी बाकावर. पहिल्या इनिंगला सगळ्या तालात टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, ते छानच असतं. दुसऱ्या इनिंगला सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात. तिसऱ्या इनिंगला माझी मुलगी जाळीला नाक लावून विचारते, "आई, गाडीत जाऊन बसू का?" तिला खेळ आवडत नाही असं नव्हे. तिला खेळायला मिळत नव्हतं.

त्यातून कोण बसतं तेही बघा. कोचची मुलगी शॉर्टस्टॉपला, कोचच्या मित्राची पहिल्या बेसला आणि आपली "पुढच्या इनिंगला नक्की हं". नऊ-दहाच्या टीममध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, सगळ्याच लागतात.

पिचरचा_बाप, पिचर आठच आहेत कारण आठ जणींनाच पिचिंग करू दिलं जातं. टीम वाढवा, पिचर वाढतील.

पिचरचा_बाप

वाढतील, पण कधी? जूनमध्ये, सीझन संपताना. तोवर बाकीच्यांनी काय करायचं?

अमरावतीकर

इकडून थोडं वेगळं. विदर्भात-खानदेशात शाळांमध्ये सॉफ्टबॉल चांगला रुजलाय, मीही शालेय स्पर्धांत खेळलो. आमच्याकडे संघ म्हणजे यादी. ती भरायची म्हणून भरायची. नऊ जण खेळणार, बाकीचे पाण्याच्या बाटल्या सांभाळणार, आणि तरी कुणाची तक्रार नाही, कारण प्रमाणपत्र सगळ्यांना. पुढे राज्यस्तरापर्यंत मजल गेली तर दहावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांची आशा. मला स्वतःला राखीव राहून खेळ जास्त कळला असं वाटतं. बाकावर बसणं म्हणजे अन्याय, हे मला पटत नाही.

बाकावरची_आई

अहो, ते जिंकायला निघालेले संघ. इथे रेक लीग आहे, निवड चाचणी नाही, पैसे भरले की जागा. ज्यांना जिंकायचंय त्यांच्यासाठी ट्रॅव्हल टीम आहेत. राखीव राहायला कोण फी भरतं?

स्कोअरबुकवाली

दोन्ही बाजूंनी बॅटिंगचा विचारच केलेला नाही. आमच्याकडे (ओहायो) सगळ्या हजर मुली क्रमाने बॅटिंग करतात, मैदानात असोत वा नसोत. एका इनिंगला सरासरी सहा मुली बॅटिंगला येतात असं धरा. चार इनिंगांत २४ पाळ्या. बारा मुलींना दोन-दोन मिळतात. पंधरा असल्या तर सहा जणींना एकदाच. घरी गेल्यावर मुलीला फिल्डिंग किती केली ते आठवत नाही, बॅट किती वेळा हातात आली ते पक्कं आठवतं. म्हणून बारा ही वरची मर्यादा. त्याच्या पुढे नाही.

एक पळवाट आहे: चौथी आऊटफिल्डर. या वयात दहा जणी मैदानात उतरवणाऱ्या लीग आहेत. पण खरं सांगायचं तर तिच्याकडे चेंडू जातच नाही. बाकावरून उचलून गवतात बसवलं, एवढंच.

खाडीकाठचा

कॅलिफोर्नियातून. आमची लीग लिटल लीगशी (मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलची संघटना) संलग्न. तिथे सीझनच्या मॅचमध्ये प्रत्येक मुलीला किमान सहा आऊट होईपर्यंत सलग फिल्डिंग आणि एकदा तरी बॅटिंग द्यावीच लागते. सहा आऊट म्हणजे दोन इनिंग. आता चार इनिंगांच्या मॅचमध्ये १५ मुलींना दोन-दोन इनिंग म्हणजे ३० जागा, ३६ पैकी. गणित बसतं, पण पिचर आणि कॅचर चारही इनिंग तिथेच ठेवल्या की त्या दोघीच आठ जागा खातात. उरल्या २८ आणि तेरा मुलींना लागतात २६. त्यात दोन-दोन इनिंग सलगही हव्यात. कोचने एक जरी बदल विसरला तर नियम मोडला. हातात पेन्सिल घेऊन उभा असलेला, घाम फुटलेला कोच पाहिलाय का कधी? पंधराची टीम हे कोचवर लादलेलं टाइमटेबल आहे.

गल्लीतला_लिंबूटिंबू

आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत भिडू विषम झाले की एक जण "कॉमन". दोन्हीकडून बॅटिंग करायचा, राजासारखा. सगळ्यात लहान पोरगं लिंबूटिंबू, त्याला आऊटच नाही. बोर्ड नाही, मीटिंग नाही. तुम्ही अमेरिकेत जाऊन एवढं डोकं कशाला शिणवताय?

डगआऊटचा_हमाल

लिंबूटिंबू, हसताय, पण तुमचा कॉमन इथेही आहे. टीम कमी पडली तर दुसऱ्या टीममधली, त्या दिवशी मोकळी असलेली मुलगी उसनी घेता येते. आमची अट एवढीच की उसनी आलेली पिचिंग करणार नाही. नाहीतर प्रत्येक कोच नेमकी चांगली पिचरच "उसनी" मागेल.

आणि इथेच पाच टीमचा फायदा आहे. पाच म्हटलं की लोक नाक मुरडतात, कारण दर शनिवारी एक टीम रिकामी बसते. मी म्हणतो, बसू दे. आमच्याकडे सॉफ्टबॉलचं मैदान एकच. बेसबॉलवाले त्यांचं देतील, पण त्यांच्या इनफिल्डला (बेसमधल्या भागाला) गवत आहे, आपल्याला सगळी माती लागते. त्या एका मैदानावर शनिवारी तीन मॅचची वेळ मिळते. सहा टीम म्हणजे तिन्ही वेळा दर आठवड्याला भरलेल्या. पाऊस आला, आणि एप्रिलमध्ये येतोच, की ती मॅच कुठे खेळवायची? मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीच्या वीकेंडला गावात चिटपाखरू नसतं. पाच टीम असल्या तर दोन मॅच होतात आणि तिसरी वेळ पावसात गेलेल्या मॅचसाठी हाताशी राहते. शिवाय रिकाम्या टीममधल्या मुली उसन्या मिळतात.

पिचरचा_बाप

हेच सगळं चार टीमलाही लागू आहे. दोन मॅच, एक वेळ मोकळी, आणि कुणी रिकामं बसत नाही. उसन्या मुलींचीही गरज नाही.

डगआऊटचा_हमाल

बसत नाही कसं? दर मॅचला बाकावर सहा जणी बसतात की. तुम्ही एक टीम एक शनिवार घरी बसवण्याऐवजी चारही टीमचा एक तुकडा दर शनिवारी बसवताय.

पिचरचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी टाळत नाही. त्यावर मी मीटिंगमध्ये मांडणार आहे की आधी पिचर आणि कॅचर वेगळ्या काढून वाटायच्या, मग बाकीच्या. आणि सीझनच्या पहिल्या महिन्यात चार बॉल झाले की वॉक द्यायचा नाही, बॅटिंगवाल्या टीमच्या कोचने येऊन तीन चेंडू टाकायचे. डँडेलियनच्या माळा तेवढ्या कमी.

पिचरचा_बाप

कोच टाकणार म्हटल्यावर पोरगी स्ट्राइक टाकायला शिकेल कशाला? पण ठीक आहे, पहिला महिना चालवून घेईन.

स्कोअरबुकवाली

हमालशेठ, एक विचारू? कोच किती आहेत? टीमची संख्या शेवटी त्यावरच अडते, आमच्याकडे तरी.

डगआऊटचा_हमाल

पाच जणांनी हात वर केलाय. त्यातले दोघे "कुणीच नसेल तर मी" म्हणालेत. सहावा नाही. बाकावरची_आई, तुम्ही सहा म्हणताय, तर सहावी टीम कोण चालवणार?

बाकावरची_आई

तुमच्या गावात राहत नाही म्हणून वाचले! पण आमच्याकडेही हाच प्रश्न आला तेव्हा मी नाव दिलंय. पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरला, रटगर्स विद्यापीठाचं कोचांसाठीचं सेफ्टी क्लिनिक पुढच्या आठवड्यात आहे. चेंडू झेलता येत नाही, टाकता येत नाही, पण कोण किती इनिंग बसलं ते मला बरोबर लिहिता येतं. दोन इनिंग सलग कुणीही बसणार नाही हा एकच नियम मी जाळीवर चिकटवणार आहे.

पिचरचा_बाप

उत्तम. आता तुमच्या टीमला पिचर कोण, तेवढं सांगा.