न्यू जर्सीचा अ‍ॅटर्नी जनरल लोकांनी निवडावा की गव्हर्नरने नेमावा?

रारिटनकाठ
आमच्या न्यू जर्सीत अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा सर्वात वरचा सरकारी वकील), म्हणजे एजी, गव्हर्नर नेमतो आणि सेनेट मान्यता देते. अमेरिकेतल्या 43 राज्यांत हे पद लोकांच्या मतांवर भरतं. गव्हर्नरने नेमायची पद्धत पाचच राज्यांत आहे. इथेही निवडणूक व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हा नुसता सरकारी वकील नाही. राज्य पोलीस त्याच्या हाताखाली, 21 काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) प्रॉसिक्यूटर, म्हणजे खटले चालवणारे सरकारी वकील, त्याच्या देखरेखीखाली, आणि भेदभावाच्या तक्रारी घेणारी डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सही त्याच्याच खात्यात. पोलिसांचा साहेबही तोच आणि पोलिसांपासून हक्क राखणाराही तोच. टर्नपाइकवर, म्हणजे आमच्या टोलच्या महामार्गावर, काय झालं ते आठवा. 1996 साली ग्लॉस्टर काउंटीच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की राज्य पोलीस काळ्या चालकांना वेचून थांबवतात. एजीच्या कचेरीने काय केलं? अपील. 1998 च्या एप्रिलमध्ये बास्केटबॉलसाठी नॉर्थ कॅरोलिनाला निघालेल्या चार निःशस्त्र पोरांच्या व्हॅनवर राज्य पोलिसांच्या दोन शिपायांनी 11 गोळ्या झाडल्या. तिघं जखमी झाले. पुढे वर्षभराने, 1999 च्या एप्रिलमध्ये, अपील मागे घेतलं आणि असं घडतं हे कबूल केलं. तेव्हाचे एजी पीटर व्हर्निएरो आधी गव्हर्नर व्हिटमन यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्याच सरकारला अडचणीत आणायला हात सहजी उठत नाही. म्हणून म्हणते, खुर्ची लोकांनी द्यावी.

वऱ्हाडी_वकील
ताई, टर्नपाइकचं दुखणं खरं, पण औषध चुकतंय. अलाबामा बघा. तिथला एजी लोकांनी निवडलेला, जॉन पॅटरसन. 1956 साली त्याने काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीला राज्यात कामच करता येऊ नये म्हणून कोर्टात खेचलं आणि सभासदांची यादी मागितली. त्या काळात अशा यादीत नाव येणं म्हणजे नोकरी जाणं, घरावर हल्ला होणं. यादी दिली नाही म्हणून एक लाख डॉलर दंड झाला. 1958 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने तो आदेश रद्द केला. आणि मतदारांनी पॅटरसनला काय शिक्षा दिली? त्याच वर्षी गव्हर्नर केलं. नागरी हक्क म्हणजे बहुमताला न आवडणाऱ्या माणसाचे हक्क. ते बहुमताच्या मतपेटीवर सोपवायचे?

मीरा_पी
मी इथे अकरा वर्षं आहे आणि अजून मला मत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत उभी आहे. माझ्या ओळखीतली निम्मी मराठी घरं अशीच आहेत, म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

पहिल्या वर्षी घर शोधत होतो. फोनवर बाई म्हणाल्या, अपार्टमेंट रिकामं आहे, आजच या. अर्ध्या तासात पोचलो. दारात आम्हाला बघून म्हणाल्या, आत्ताच गेलं. मुलगा माझा हात धरून उभा होता, खिडकीत 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. तेव्हा ठाऊक नव्हतं की इथे भेदभावाविरुद्ध 1945 पासूनचा कायदा आहे आणि डिव्हिजनकडे 180 दिवसांत तक्रार करता येते. तक्रारीला नागरिकत्व लागत नाही. पण निवडून येणाऱ्या एजीचा डोळा मतदारयादीवर असेल, आणि त्या यादीत मी नाही.

रारिटनकाठ
मीरा, वाचून वाईट वाटलं. वकीलसाहेब, अलाबामा मान्य. पण मिनेसोटाही बघा. कीथ एलिसन काळे आणि मुसलमान, तरी 2018 मध्ये सगळ्या राज्याने निवडले. पोलिसाने मान दाबून मारलेल्या काळ्या जॉर्ज फ्लॉइडचा खटला 2020 मध्ये त्यांच्याकडे आला आणि पुढच्या वर्षी तो पोलीस, शोविन, दोषी ठरला. पोलिसावर खुनाचा खटला उभा करून तो तडीला नेणारा एजी लोकांनीच दिला होता.

वऱ्हाडी_वकील
आणि 2022 मध्ये ते एक टक्क्याहून कमी फरकाने वाचले. त्यांच्या जागी कच्च्या दिलाचा माणूस असता तर आधी मतांचा हिशोब केला असता.

ओकट्री
गुरबीर ग्रेवाल यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? देशातले पहिले शीख एजी, 2018 मध्ये आपल्याच राज्यात नेमलेले. त्याच वर्षी रेडिओवरच्या दोन निवेदकांनी त्यांना नावाऐवजी 'पगडीवाला' म्हटलं. त्यांनी त्याच नोव्हेंबरमध्ये आदेश काढला की स्थानिक पोलिसांनी इमिग्रेशनवाल्यांची कामं करायची नाहीत. ओशन आणि केप मे काउंट्या कोर्टात गेल्या, 2021 मध्ये अपिलात हरल्या. निवडणुकीला उभे राहायचं असतं तर हा आदेश पहिल्याच वर्षी निघाला असता का? मला नाही वाटत.

रारिटनकाठ
पण तो आदेश गव्हर्नरच्या धोरणाला धरूनच होता. गव्हर्नर विरुद्ध दिशेचा असता तर? माझी भीती तिथेच आहे.

वऱ्हाडी_वकील
ही भीती आमच्याकडे जास्त खरी आहे. महाराष्ट्राचा महाधिवक्ता, म्हणजे आमचा एजी, घटनेच्या कलम 165 प्रमाणे राज्यपालांची मर्जी असेतोवर. 2016 च्या मार्चमध्ये श्रीहरी अणे वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलले आणि त्यांना पद सोडावं लागलं. तुमच्या 1947 च्या राज्यघटनेत मात्र एजी 'मर्जी असेतोवर' नाही, गव्हर्नरच्या मुदतीपुरता आहे. नेमला की मनात आलं म्हणून काढता येत नाही. एवढी जागा पुष्कळ आहे, वापरणारा हवा.

रारिटनकाठ
वापरणारा हवा, हेच तर नशिबावर सोडता येत नाही. थोडं मागे येते. निवडणूक नको असेल तर टेनेसीसारखं करा, तिथे राज्याचं सुप्रीम कोर्ट आठ वर्षांसाठी एजी नेमतं.

मीरा_पी
आठ वर्षं पटतात. पण ज्या न्यायमूर्तींनी नेमलं त्यांच्याच पुढे तो पोलिसांची बाजू मांडायला उभा राहणार. माझं मागणं लहान आहे: डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स पोलिसांच्या साहेबाकडून काढून वेगळी करा. मग एजी कोणीही नेमो.