दप्तरदाखल, देवडी, वाचनपाटी : नव्या मेलसेवांसाठी आणि ई-पुस्तकांसाठी शब्द

सध्या दोन-तीन नव्या वेबमेल सेवा आणि ई-पुस्तकं वाचायची यंत्रं आलटूनपालटून वापरतोय. त्यांच्याबद्दल मराठीत लिहिताना 'छान आहे', 'हळू चालतं' इथपर्यंत निभतं. यंत्र नेमकं करतं काय हे सांगायला गेलं की अडायला होतं. पासवर्डला काय म्हणावं हा वाद इथे नको. पासवर्डला पासवर्ड म्हणतात. जिथे रूढ इंग्रजी नावच दिशाभूल करतं, तेवढ्याच जागा इथे घेतल्यात.

पहिली जागा अर्काइव्ह. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागेचाच गवगवा झाला. हॉटमेल त्या वेळी २ एमबी देत होतं, त्यामुळे तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली. पण मोठा बदल सवयीचा होता. मेल पुसायची गरज संपली, नजरेआड केला की झालं. या नजरेआड करण्याला 'संग्रह' म्हटलं तर काहीतरी जपून ठेवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मेल कुठेच हलत नाही, त्याच्यावरची 'इनबॉक्स' ही खूण तेवढी निघते. मी 'दप्तरदाखल' म्हणतो. प्रकरण दप्तरदाखल झालं म्हणजे नष्ट झालं नाही, टेबलावरून गेलं. लेबल आणि फोल्डर यांतला फरकही इथेच कळतो. फोल्डर हा कप्पा, मेल एका वेळी एकाच कप्प्यात. लेबल ही चिकटवलेली चिठ्ठी, एका मेलवर चार असल्या तरी बिघडत नाही. दोन्हींना 'विभाग' म्हणणाऱ्यांना नमस्कार.

दुसरी जागा 'हे' नावाच्या सेवेतली. (तिच्याबद्दल मराठीत लिहिताना दर दोन वाक्यांनी 'हे म्हणजे कोणतं हे' असा घोटाळा होतो.) २०२० साली आलेल्या या सेवेत पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचा मेल थेट आत येत नाही. तो बाहेर थांबतो, तुम्ही हो म्हणालात तर आत, नाही म्हणालात तर त्या पत्त्यावरून पुन्हा काहीच दिसत नाही. याला 'गाळणी' म्हणणं चूक, कारण गाळणीला डोकं नसतं आणि इथे निर्णय माणसाचा आहे. वाड्याच्या दाराशी असते ती देवडी! आलेल्याला देवडीवर थांबवायचं, आत वर्दी द्यायची. कल्पना मला फार आवडली. रोज नव्या अनोळखी लोकांचे मेल येणं हेच ज्यांचं काम, त्यांना मात्र ही देवडी जाच वाटेल.

तिसरी जागा 'एन्क्रिप्टेड', म्हणजे इतरांना वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बंद केलेला मेल. जाहिरातीत एकच शब्द, खाली प्रकार दोन. प्रोटॉन या मेलसेवेच्या खात्यावरून प्रोटॉनच्याच खात्यावर पाठवलेला मजकूर निघाल्यापासून पोचेपर्यंत बंद असतो. बाहेरच्या साध्या सेवेवरून आलेला मेल मात्र प्रोटॉनच्या सर्व्हरपर्यंत त्यांना वाचता येईल अशा रूपात पोचतो आणि तिथे गेल्यावर बंद होतो. पहिल्याला 'प्रवासभर कुलूप', दुसऱ्याला 'मुक्कामी कुलूप' म्हटलं तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं तरी कळेल. शिवाय प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ या प्रवासभराच्या कुलपात येत नाही; टुटा ही जर्मन सेवा तिच्या दोन खात्यांमधल्या मेलचा विषयही बंद ठेवते. म्हणून गुपित मजकुरात लिहा, 'विषय :' पुढे नको.

आता पुस्तकांकडे. 'ई-वाचक' हा शब्द मला अजिबात चालत नाही. 'माझा ई-वाचक काल बंद पडला' हे वाक्य ऐकून लोक सांत्वनाला येतील. 'वाचनपाटी' कसा वाटतो? यांचा पृष्ठभाग फोनच्या पडद्यासारखा नाही. सूक्ष्म कुप्यांमध्ये पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा खाली बसतो. एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच लागते. लिहिलेलं आपोआप राहतं, पुसून त्याच जागी नवं लिहिता येतं, स्वतः उजळत नाही, म्हणजे पाटीच की. दिव्याची सोय असते, पण तो उजेड कडेला बसवलेल्या बारीक दिव्यांतून अक्षरांवर पुढून पडतो. त्याला 'बॅकलाइट' म्हणणारं परीक्षण दिसलं की मी पुढचं वाचत नाही.

शेवटचा प्रश्न मला सुटलेला नाही. किंडलवर पुस्तक 'विकत घेतलं' म्हणायचं का? अटींमध्ये तर स्पष्ट आहे की मजकूर विकलेला नाही, वापराचा परवाना दिलेला आहे. मी 'वहिवाट' सुचवतो. मालकी नाही, वापर आहे.

प्रतिसाद :
दप्तरदाखलला माझा आक्षेप होता. आपल्याकडे अर्ज दप्तरदाखल होतो तेव्हा अर्जदाराने आशा सोडायची असते. पण तपासून पाहिलं, शब्द वाटला त्याहून चपखल आहे. दप्तरदाखल मेलला कुणी उत्तर दिलं की जीमेल तो संवाद पुन्हा इनबॉक्समध्ये आणून ठेवतं. नवा कागद आला की जुनी फाइल वर येते, तसंच. ज्याला खरंच वर येऊ द्यायचं नाही त्यासाठी 'म्यूट' वेगळं आहे. त्याला 'मूक' नका म्हणू, मेल मूक नसतो, आपण बहिरे होतो. 'कानाआड करणे' चालेल.

प्रतिसाद :
वहिवाट सपशेल चूक. वहिवाटीतून हक्क तयार होतो, म्हणून तर बांधावरून आणि पायवाटेवरून पिढ्यानपिढ्या दावे चालतात. परवाना कितीही वर्षं वापरला तरी परवानाच राहतो, आणि देणाऱ्याला काढूनही घेता येतो. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढली होती, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पुढे ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्यातल्या एका पुस्तकावर टिपणं काढली होती. टिपणं उरली, ज्या ओळींवर ती होती त्या गेल्या. वहिवाटदाराला निदान नोटीस तरी येते हो.

मूळ लेखक :
मान्य, वहिवाट मागे घेतो. मग 'वाचनहक्क घेतला'? त्यात पुन्हा 'हक्क' आलाच. 'परवान्यावर घेतलं' कोरडं आहे पण खोटं नाही. आणि जी दुकानं कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकाचा एक प्रचलित प्रकार) फाइल देतात, तिथे बेधडक 'विकत घेतलं' म्हणावं. तिची प्रत तुमच्याकडे राहते, हव्या त्या पाटीवर उघडता येते. एकच क्रियापद दोन्हीकडे वापरलं की हा फरक पुसला जातो, आणि दुकानदाराला तेच हवं असतं.

प्रतिसाद :
पाटी आवडली, पण पुढची अडचण 'पान'. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, तेव्हा 'पान ४२ बघा' म्हणण्यात अर्थ नाही. किंडलने सुरुवातीला पान-क्रमांक दिलेच नव्हते, 'लोकेशन', म्हणजे मजकुरातल्या जागेचा क्रमांक, दिलं होतं. छापील पुस्तकाचे पान-क्रमांक २०११ मध्ये आले, तेही काही पुस्तकांनाच. लोक वैतागले होते. मला त्यात वैतागण्यासारखं काही दिसलं नाही. पोथीचा संदर्भ देताना आपण पान सांगतो का? अध्याय सांगतो, ओवी सांगतो, मग पोथी हस्तलिखित असो की छापील. वाचनपाटीसाठीही 'स्थळ' किंवा सरळ 'ओवी-क्रमांक' म्हणा की! गद्याला ओवी म्हणायची लाज वाटत असेल तर 'परिच्छेद-क्रमांक'.

प्रतिसाद :
पान उलटल्यावर मागच्या पानाची फिकट अक्षरं खाली दिसत राहतात, इंग्रजीतलं 'घोस्टिंग'. त्याला 'भूत' म्हणू नका कृपया. मराठीत 'मागमूस' हा शब्द आयता पडला आहे आणि बिचाऱ्याच्या नशिबी कायम नकारच आला. 'मागमूसही उरला नाही' एवढंच आपण म्हणतो. इथे तो चक्क उरतो. 'दर सहा पानांनी पाटी पूर्ण काळी-पांढरी करून मागमूस पुसते' हे वाक्य मला बरोबर वाटतं.

रंगीत पाट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून : २०२४ मध्ये कोबो आणि किंडल दोघांच्याही आल्या. काळ्या-पांढऱ्या मजकुरात इंचाला ३०० ठिपके, रंगात १५०, कारण रंगासाठी वर चाळणी बसवलेली असते. त्या चाळणीमुळे पांढरा भागही थोडा मळकट होतो. रंगांना 'मवाळ' म्हणणं सभ्यपणाचं. नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याने साधी पाटी घ्यावी.

प्रतिसाद :
मेल आला, आली की आलं?

मूळ लेखक :
आला आणि आली दोन्ही ऐकू येतं. निरोप डोक्यात असला की आला, चिठ्ठी असली की आली. मी 'आला' म्हणतो, भांडणार नाही.

प्रतिसाद :
'अनडू सेंड' राहिलं. बहुतेक जण 'पाठवलेला मेल परत बोलावणे' म्हणतात आणि मग पाच मिनिटांनी बोलवायला जातात. जीमेल परत काहीच बोलावत नाही. तुम्ही बटण दाबलं तरी मेल ५, १०, २० किंवा ३० सेकंद, जे ठरवाल तेवढं, आपल्याकडेच अडवून धरतं. त्या वेळात रद्द केलं तर तो गेलेलाच नसतो. एकदा गेला की गेला. म्हणून 'परत' हा शब्दच नको. 'पाठवणं थांबवा' पुरे, आणि सेटिंगमध्ये मुदत ३० करून ठेवा.