अनुभव धागा: देवाशी समेट झाला म्हणजे तुमच्या बाबतीत नक्की काय झालं?

धागाकर्ती
बरेच दिवस डोक्यात होतं. ख्रिस्तावरच्या विश्वासाने देवाशी शांती मिळाली असं आपण सगळेच म्हणतो, पण म्हणजे झालं काय ते लिहा ना. उपासनेत साक्ष देतो तसं घासूनपुसून नको, अर्धवट असलं तरी चालेल. वाद घालायचा असेल तर प्लीज वेगळा धागा काढा.

माझ्यापासून सुरुवात करते. लहानपणापासून माझा देव म्हणजे लाल पेन घेऊन बसलेला मास्तर. एक प्रार्थना चुकली की फुली. मग ती फुली पुसायला मी दुप्पट प्रार्थना, उपास, चर्चमधलं दिसेल ते काम अंगावर घ्यायचे आणि तरी रात्री पडल्या पडल्या दिवसभराच्या चुकांची उजळणी चालूच. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय पाठ होता, विश्वासाने नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरलो म्हणून देवाबरोबर शांती आहे, पण मी ते 'शांत वाटतं' असं वाचायचे, आणि मला तर अजिबात शांत वाटत नव्हतं, म्हणजे माझाच विश्वास कच्चा! मग एकदा बायबल स्टडीत कुणीतरी सहज म्हणालं, अगं 10 वं वचन वाच, आपण शत्रू असतानाच समेट झाला असं लिहिलंय तिथे. म्हणजे ही तह झाल्यावरची शांती. भांडण मिटलंय, आता माझ्या छातीत धडधडतंय की नाही हा वेगळा विषय. त्या रात्री रडबिड काही नाही. उजळणी न करता झोपले, एवढंच.

रात्रपाळी
माझं उलटं. मला अपराधी वगैरे वाटतच नव्हतं, मीच देवावर भडकलेलो. धाकटा भाऊ गेला आणि दफनविधीला जो येईल तो 'देवाची इच्छा' म्हणून खांद्यावर हात ठेवून जात होता, एकेकाला हाकलून द्यावंसं वाटत होतं. प्रार्थना बंद केली, करायचोच तर शिव्या. आमच्या पाळकांनी (भला माणूस, उपदेश नाही केला) फक्त स्तोत्र 88 वाच म्हणून सांगितलं. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत बहुतेक वेळा शेवटाकडे कुठेतरी आशेचा सूर लागतो, हे मात्र अंधारातच संपतं. मला धक्का बसला की असलं काही पवित्र शास्त्रात ठेवलंय! मग वधस्तंभावर येशूने 'माझा त्याग का केलास' म्हणून विचारलं ते स्तोत्र 22 चं पहिलं वाक्य आहे हे कळलं, तेव्हा वाटलं की हा प्रश्न विचारणारा मी पहिला नाही आणि विचारला म्हणून कुणी मला दाराबाहेर काढत नाहीये. भाऊ का गेला याचं उत्तर आजही नाही. पण आता बोलतो देवाशी, कधी कधी अजूनही आवाज चढवून.

उशिरा आलेली
मी कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट, त्यामुळे 'तारण फक्त विश्वासाने की कसं' ही चर्चा आमच्याकडे रोजची. (1999 मध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने आउग्सबर्गला नीतिमान ठरवण्याबद्दल एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या, तारण कृपेनेच असं दोघांनी मान्य केलं. घरात तह बाकी आहे.)

17 वर्षं कन्फेशनला, म्हणजे फादरकडे पापांची कबुली द्यायला, गेले नव्हते. कारण एकच, बहिणीच्या वाट्याचे पैसे मी फिरवले होते आणि तिला ते माहीत नव्हतं. शेवटी गेले, सगळं सांगितलं, वाटलं फादर ओरडतील. त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले आणि खरं सांगते, अंगावरून ओझं उतरलं. पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, पैसे परत करणार ना? बायबलमधल्या जकातदार जक्कयाची गोष्ट मला माहीत होती, लोकांचे लुबाडलेले पैसे चौपट परत करतो म्हणालेला तो. पण त्याच्या घरी येशू आधी गेला आणि चौपटीचं तो नंतर बोलला, हा क्रम तोवर लक्षातच आला नव्हता माझ्या. क्षमा विकत घ्यायला नाही, मिळाली म्हणून परत करायचे. केले. ती पैसे घेऊन काही न बोलता निघून गेली.

जुनाच वाचक
सगळ्यांना असा एक दिवस सापडतो याचा मला हेवा वाटायचा. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचा तर तारखेसकट आहे, 24 मे 1738, लंडनमधल्या एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना मन ऊबदार झालं म्हणून त्याने लिहून ठेवलंय. मला कधी काही ऊबदार झालं नाही. मग त्याचीच रोजनिशी पुढे वाचली तर जानेवारी 1739 मध्ये हाच माणूस लिहितो की मी आता ख्रिस्ती नाही! फार बरं वाटलं वाचून, वाईट अर्थाने नाही.

काठावरचा
मला अजून काहीच मिळालेलं नाही, लिहू की नको कळेना. आजारी मुलाला येशूकडे आणून 'माझ्या अविश्वासाला मदत कर' म्हणणारा बाप आहे ना मार्कच्या शुभवर्तमानात, 9 व्या अध्यायात, माझी प्रार्थना तिथवरच पोचते.

धागाकर्ती
@काठावरचा, लिहिलंत ते बरं केलंत. त्याचा मुलगा तेवढ्यावरच बरा झाला होता हो.
@उशिरा आलेली, बहीण बोलते का आता?

उशिरा आलेली
नाही. वाढदिवसाला मेसेज करते मी, दोन निळ्या टिका येतात.