मदत हवी आहे: संबळ-गोंधळाचा कार्यक्रम मँचेस्टर-लिव्हरपूलकडे कसा लावायचा?

गावाकडचा ५ जणांचा गोंधळी संच आहे, संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटी घेऊन पूर्ण आख्यान करतात, त्यांना पुढच्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमध्ये आणायचंय. मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीला सहज होईल पण मला ते तिकीट काढून येणाऱ्या, मराठी न येणाऱ्या लोकांपुढे हवंय, कारण संबळ ऐकला की भाषा आड येत नाही.

डोक्यात दोन जागा आहेत. मँचेस्टरचं बँड ऑन द वॉल, जिथे जगभरचं संगीत होतं, आणि लिव्हरपूलची मिलाप, ती १९८५ पासून भारतीय कलांसाठी काम करतेय. दुसऱ्याच एका हॉलला व्हिडिओची लिंक पाठवली होती, दोन महिने झाले, उत्तर नाही. भाड्याने हॉल घेणं परवडणार नाही. व्हिजाचं वाचलंय, मानधनाचा कार्यक्रम आधी ठरलेला लागतो आणि इथे आल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो, म्हणून तारीख आधी पक्की हवी.

ज्यांनी लोककलावंत आणलेत त्यांनी सांगा, आधी थेट हॉलच्या प्रोग्रामरला (कार्यक्रम निवडणाऱ्याला) लिहायचं की मिलापसारख्या संस्थेमार्फत जायचं, आणि किती महिने आधी?