हिवाळ्यात विमानं रिकामी बसत नाहीत

हिवाळ्यात टुई या युरोपातल्या पर्यटन कंपनीची बरीच विमानं धूळ खात पडत असतील, असं वाटू शकतं. तसं होत नाही. युरोपचा पर्यटन हंगाम उन्हाळ्यात. कॅनडातले लोक मात्र थंडीत मेक्सिको-कॅरिबियन गाठतात. म्हणून टुईची बोइंग ७३७-८०० विमानं वर्षानुवर्षं हिवाळ्यापुरती सनविंग या कॅनडातल्या विमान कंपनीकडे भाड्याने जात आणि उन्हाळ्यात सनविंगची युरोपात येत. वैमानिकांसकट विमान घेतलं तर 'वेट लीज', नुसतं विमान घेतलं तर 'ड्राय लीज'. ड्राय लीजमध्ये बरेचदा नोंदणीही बदलते: शेपटीजवळचं ब्रिटिश 'जी-' पुसून कॅनडाचं 'सी-' रंगवायचं, कागदपत्रं नव्याने करायची. एवढा खटाटोप परवडतो, कारण उभ्या विमानाचाही हप्ता चुकत नाही. माझ्या मते ही फार हुशारीची व्यवस्था आहे.